पाक म्हणजे स्वच्छ

नाकाला रुमाल लावायची सवय असलेल्यांनी हे वाचू नये. हे घाणीविषयी आहे. माझ्या पोटाला डाव्या बाजूला एक भोक आहे, त्यातून माझी विष्ठा बाहेर येते आणि पोटाला चिकटवलेल्या पिशवीत पडते. एवढं सरळ लिहायला मला बरेच महिने लागले. ज्यांच्या पोटावर अशी पिशवी आली आहे किंवा येणार आहे, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं. मला गरज होती तेव्हा असलं एक पानही कुठे सापडलं नाही. जे सापडलं त्यात 'सकारात्मक राहा' असं लिहिलं होतं, ते वाचून आणखी मळमळलं.

माझं नाव चाँद शेख. मी युसूफ वडगावचा. फौजेत तोफखान्यात हवालदार होतो, कारगिलच्या लढाईत होतो. पेन्शन घेऊन परत आलो आणि मांजरसुंब्याच्या चौफुलीवर ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान टाकलं. तिथे मला सगळे फौजी म्हणायचे. 'म्हणायचे' असं का लिहिलं ते पुढे येईलच.

मूळव्याध

रक्त पडायला लागलं तेव्हा मी मूळव्याध समजलो. आपल्याकडे मूळव्याधीवर ज्याला त्याला औषध माहीत असतं. कोणी सुरणाचा कंद आणून दिला, कोणी ताकात घालून प्यायला कसलीशी पूड दिली, एका ड्रायव्हरने तर आपल्या मेहुण्याला बरं करणाऱ्या बाबाचा पत्ता दिला. मी सगळं केलं. दवाखाना तेवढा केला नाही, कारण दवाखान्यात कपडे काढावे लागतात. लढाई बघितलेला माणूस पायजम्याची नाडी सोडायला लाजला, अशी ही गोष्ट आहे. तुम्ही लाजू नका.

शेवटी माझ्या बायकोने, शमीमने, मला ओढत नेलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर फार गोड बोलायला लागले.

"गाठ अगदी दाराशी आहे," ते म्हणाले. "ती काढायची म्हणजे खालची वाट बंद करावी लागेल. पोटावर नवी वाट काढू. तिला पिशवी लावायची."

"कायमची?"

"कायमची."

कॅन्सर हा शब्द त्यांनी त्यानंतर उच्चारला. पण माझं लक्ष पिशवीतच अडकलं होतं. नमाजाला उभं राहायचं तर अंग पाक लागतं, कपडा पाक लागतो, जागा पाक लागते. पाक म्हणजे स्वच्छ, पवित्र. आमच्या आईच्या तोंडी दिवसभर हाच शब्द असायचा. हात पाक केले का, चादर पाक आहे का. लघवीचा शिंतोडा उडाला तरी मी पायजमा बदलणारा माणूस. आणि आता घाण पोटावर बांधून फिरायचं, जेवायचं, झोपायचं?

बाहेर आल्यावर मी शमीमला सांगितलं, की मी हे करून घेणार नाही. सरळ मरतो.

"मरो फिर," ती म्हणाली. घरात आम्ही दखनी बोलतो. "लेकिन पहले घर चलो."

चौफुलीवर

परत येताना मांजरसुंब्याला उतरलो. दुकानासमोरच्या ढाब्यावर मी रोज चहा पितो, त्या दिवशीही बसलो. टीव्ही चालू होता. सीमेवर पुन्हा तोफा सुरू झाल्या होत्या आणि पडद्यावर लाल अक्षरात एकच शब्द नाचत होता. पाकला धडा, पाकची खोड मोडली, पाक हादरलं. पेपरवाले त्या देशाचं नाव असंच तोडून लिहितात, हे मी जन्मभर वाचत आलो होतो. माझ्या आईचा शब्द आणि हा शब्द एकच आहे, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

"फौजी, परत बोलावलं तर जाताल का?" ढाबेवाल्याने विचारलं.

"बोलावलं तर जाईन की."

"कोन्च्या बाजूनं?" मागच्या बाजेवरून कोणीतरी म्हणालं.

हशा झाला. ढाबेवालाही हसला, मग त्याने माझं तोंड बघितलं आणि जाळ सारखा करायला खाली वाकला. मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, मी कानफटात दिली असती. मला आली ती शिसारी. घास तोंडात असताना त्यात केस निघावा तशी. थुंकताही येत नाही आणि गिळताही येत नाही. अर्धा चहा तसाच ठेवून मी उठलो.

पहाडावर

कारगिलला आमच्या तोफेवर माझ्याबरोबर चकलांब्याचा भागवत होता. आमच्या युनिटात मराठी पोरं बरीच होती, मुसलमान मोजके. गोळा सुटण्याआधी युनिटचा जयघोष व्हायचा, तो देवाच्या नावाचा. मीही घसा फाडून द्यायचो. सुट्टीवर आलो की कोणी दाढीवाला पाहुणा विचारायचा, तुला चालतं का हे. मी सांगायचो, तोफेपाशी तोंड उघडं ठेवलं नाही तर कानाचे पडदे फाटतात, तोंड उघडलंच आहे तर काहीतरी ओरडायला नको का? तरी कान गेलेच. भागवत आणि मी, दोघंही आता बहिरट आहोत. हळू बोललेलं आमचं आम्हालाच ऐकू येत नाही.

एका दुपारी समोरून आलेला गोळा जवळ फुटला आणि भागवतचं पोट फाटलं. आतडी बाहेर आली होती. ती मी दोन्ही हातांनी आत दाबून धरली आणि वर पट्टी बांधली. भीतीने त्याचं सगळं कपड्यात झालं होतं. तेही मी माझ्या बाटलीतल्या पाण्याने धुतलं, कारण तो रडत होता की स्ट्रेचरवाले येतील तेव्हा मला असं बघतील. मग माझ्या वुजूला, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, पाणी उरलं नाही. पाणी नसलं की स्वच्छ मातीवर हात मारून तोंडावरून आणि हातांवरून फिरवायचे, त्याला तयम्मुम म्हणतात. मी तेच केलं आणि रक्ताळलेल्या वर्दीत नमाज पढलो. त्या दिवशी आपण नापाक आहोत असं मला एकदाही वाटलं नाही.

याची आठवण मला शमीमने करून दिली. मी ऑपरेशनला नाही म्हणून अडून बसलो होतो, जेवणही सोडलं होतं. ती भाकरीचं ताट पुढ्यात आपटून म्हणाली, "भागवतभाऊ की गंदगी धोए तब नापाक नहीं हुए, और अपनी से नापाक होते?"

मी भाकरी खाल्ली.

खाट

मोठ्या दवाखान्याचं नाव घेत नाही. सगळीकडे थोडंफार तेच असतं. पहाटे फिनेल, मग गोळ्या, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, ज्यात ते तुमच्याकडे न बघता तुमच्या पोटाविषयी बोलतात. दुपारी भेटायला येणारे. प्रत्येकाच्या हातात नारळपाणी आणि तोंडात कोणीतरी मेलेल्याची गोष्ट. शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते, त्यांच्या सोबतीला त्यांचा जावई. पोरगं तसं मदतीचं. माझ्या सलाइनवर लक्ष ठेवायचा, मला मामा म्हणायचा, शमीमसाठी खालून चहा आणायचा. हे मुद्दाम लिहितो आहे.

ऑपरेशन झालं. नंतरचं मला नीट आठवत नाही. पिशवी ज्या चिकट चकतीने पोटाला लावतात, ती कातडीला धड चिकटली नव्हती आणि एका दुपारी सुटली. उबदार घाण कुशीत, पाठीखाली, चादरीवर पसरली. हात सलाइनला बांधलेले. वास माझाच आणि पळायला जागा नाही. गुंगीत मी बडबडत होतो म्हणे, पुन्हा पुन्हा एकच वाक्य:

"मेरेकू पाक होना. मेरेकू पाक होना."

दखनीत 'होना'चे दोन अर्थ आहेत. एक, होणं. दुसरा, पाहिजे असणं. 'चाय होना' म्हणजे चहा पाहिजे. बीडमध्ये हे शेंबड्या पोरालाही कळतं. तेव्हा मी म्हणत होतो, मला स्वच्छ व्हायचं आहे. आणि जावयाने ऐकलं, मला पाक पाहिजे. टीव्हीवर दिवसभर जे चाललं होतं, तेच त्याच्या कानात भरलं होतं. त्याने सिस्टरला हाक मारली नाही. त्याने मोबाईल काढला.

ज्याला धुवायला हवं होतं, त्याचं चित्रीकरण झालं. अजूनही हे लिहिताना तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

हवालदार

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ चौफुलीवर पोचला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोलीस हवालदार खाटेशी येऊन उभा राहिला. तोही हवालदार, मीही हवालदार. एवढाच विनोद त्या दिवशी मला सुचला.

"शेख, तुमी काल पाक पाहिजे, पाक पाहिजे म्हणत व्हते म्हणं."

शमीम स्टुलावरून उठली. बाहेरच्यांशी ती अस्सल मराठी बोलते.

"साहेब, ह्यांच्या पोटावर गू सांडला व्हता. कोनी पुसायला न्हाई आलं. धुवा मला, पाक करा, असं म्हणत व्हते. पाक म्हंजे स्वच्छ. अजून वास हाय गादीला. दाखवू का चादर काढून?"

तिने चादरीच्या टोकाला हातही घातला. हवालदार दोन पावलं मागे सरला. "राहू द्या बाई, राहू द्या." मग उशाशी टांगलेली माझी माजी सैनिकांची टोपी त्याला दिसली. "फौजेत व्हते का तुमी?"

"होतो."

"मग आधी सांगायचं की, राव."

तो हसला, मोकळा झाला आणि मला सलाम ठोकून गेला. माणूस वाईट नव्हता. पण त्या सलामाची मला जेवढी किळस आली, तेवढी पिशवीची कधी आली नाही. आधी सांगायचं म्हणजे? आणि मी फौजेत नसतो तर? बीडच्या बाजारात केळी विकणारा एखादा माझ्याच नावाचा माणूस त्या खाटेवर असता, त्याचंही पोट असंच फाटलेलं असतं, तोही हेच बोलला असता, तर त्याने कुठली टोपी दाखवायची होती?

शेजारचे आजोबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ह्याला पोरगी देताना माजी अक्कल कुठं चरायला गेलती, देव जाणे." जावई खाली मान घालून बसला. "मामा, मला वाटलं..." एवढंच म्हणाला. त्याला काय वाटलं ते मला माहीत होतं. व्हिडिओ त्याने पुसला, पण तो एव्हाना शंभर जणांच्या खिशात गेला होता.

भागवत

चकलांब्याहून भागवत आला तो वरात घेऊनच. त्याच्याबरोबर गावातला एक पांढऱ्या कपड्यांतला पुढारी, दोन माजी सैनिक, एक हार आणि एक झेंडा. भागवतने आपली सगळी पदकं छातीवर लावली होती. त्यानेही व्हिडिओ बघितला होता.

"कावून बे, मला कळवलं न्हाई? मेलतो का मी?" तो ओरडला. अख्खा वॉर्ड दचकला. "ऊठ. बस जरा. हा झेंडा धर अन् आपला जयघोष दे, पहाडावर देत व्हता तसा. ह्यानला व्हिडिओ काढू दे. सगळ्यांची तोंडं बंद व्हतील."

पुढाऱ्याने मोबाईल वर धरला, केसांवरून हात फिरवला आणि माझ्या उशाशी येऊन उभा राहिला.

"न्हाई," मी म्हणालो.

"तुझ्याचसाठी करतोय बे!"

"तुझी आतडी हातात धरली तेव्हा मी तुला घोषणा द्यायला लावलती का?"

भागवतचं तोंड उतरलं. त्याला मी एवढं कधी तोडून बोललो नव्हतो. तो खरंच माझ्यासाठी आला होता, लांबून आला होता, हे मला कळत होतं आणि तरी मला त्या हाराची, त्या झेंड्याआड लपलेल्या मोबाईलची आणि थोडी त्याचीही किळस येत होती. ज्या झेंड्याखाली मी तोफ चालवली, तो मला दाखला म्हणून धरायला लागावा? मी उठून बसायचा प्रयत्न केला, जरा ठणकावून बोलावं म्हणून. टाक्यांवर ताण आला आणि चकती पुन्हा सुटली.

वास पसरायला वेळ लागत नाही. पुढारी आधी गेला. दोघं माजी सैनिक त्याला पोचवायच्या निमित्ताने गेले. मग भागवतही गेला. बाहेरच्या बेसिनवर तो ओकत होता ते मला ऐकू आलं. मी डोळे मिटून घेतले. शमीम औषधं आणायला खाली गेली होती.

डोळे उघडले तर भागवत समोर उभा. तोंड पुसत, बाह्या सारत.

"सांग कसं करायचं."

मी सांगत गेलो, तो करत गेला. कोमट पाणी, मऊ फडकं, साबण कमी. कातडी कोरडी ठणठणीत झाल्याशिवाय चकती लावायची नाही. भोकाच्या मापाने चकती कापायची, मोठी कापली तर कातडी सोलते. वाचणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, मला हे कोणी पहिल्या दिवशी सांगितलं नाही. भागवतने मधेच दोनदा तोंड फिरवलं, पण हात काढला नाही.

"लई घाण हाय बे," तो म्हणाला.

"हाय."

"माझी बी अशीच व्हती का?"

"ह्याच्यापेक्षा वाईट. तुला बारुदाचा वास बी व्हता."

तो हसला. त्याने चकती वाकडीच चिकटवली, तिच्यावर तळहात दाबून धरला, तोफेपाशी मी धरला होता तसा. मग आपल्या हातांकडे बघत, तोफवाल्याच्या आवाजात, त्याने विचारलं:

"झालास का बे पाक?"

जावयाने मान वर केली. मी हसलो. टाक्यांतून कळ गेली तरी हसलो, आणि मग डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेचना. दारात शमीम औषधांची पिशवी घेऊन उभी होती. ती आत आली नाही, भागवतला काम पुरं करू दिलं.

घरी

घरी आलो म्हणजे संपलं असं समजू नका. पहिले काही दिवस शमीम पिशवी बदलताना पदर नाकाला लावायची. मी रुसलो. ती म्हणाली, "घिन आती जी. आने दो. हाथ तो नहीं रुकते ना." तेव्हापासून मला कळलं की किळस येणं हा गुन्हा नाही. तुमच्या घरच्यांनाही येईल. येऊ द्या. हात थांबतात का, तेवढंच बघा.

मौलवींना विचारलं. ते म्हणाले, अशा आजाऱ्याला सवलत आहे, दर नमाजाला नवा वुजू करा आणि खुशाल या. मी शुक्रवारी गेलो. नमाजाची रांग खांद्याला खांदा लावून उभी राहते. माझ्या उजवीकडचा माणूस जरा सरकला. मग डावीकडचा. दोन्हीकडे एकेक माणूस मावेल एवढी जागा सुटली. दोघंही माझे जुने ओळखीचे, दोघांनीही दवाखान्यात नारळपाणी आणलं होतं. त्या व्हिडिओविरुद्ध, माझ्या बाजूने, ज्यांनी सगळ्यांत जास्त आरडाओरडा केला, त्यांतलेच हे. आपल्यांची किळस परक्यांच्या किळसेपेक्षा वेगळी असते असं मला वाटायचं. पण मधली फट तेवढीच रुंद होती.

आता मी दुकानातच, बॅटऱ्यांच्या मागे, चटई टाकून नमाज पढतो. मशिदीत पुन्हा जाईन, पण मला वाटेल तेव्हा.

डॉक्टर म्हणतात सध्या सगळं ठीक आहे, तपासण्या चालू ठेवा. हरभरा आणि कच्चा कांदा जपून खातो. पिशवी अर्धी भरायच्या आतच रिकामी करतो. चौफुलीवर तो व्हिडिओ अजून कधीमधी कोणाच्या तरी मोबाईलवर वाजतो, माझाच आवाज मला ऐकू येतो, आणि मी जवळ गेलो की बंद होतो. फौजी अशी हाक हल्ली कोणी मारत नाही. शेख म्हणतात.

भागवतचा फोन मात्र रोज सकाळी येतो, नेमका ढाब्यावर गर्दी असते तेव्हा. रामराम नाही, सलाम नाही. "पाक हाय का बे?" तो तिकडून इतक्या मोठ्यांदा ओरडतो की फोन कानापासून लांब धरावा लागतो.

"पाक हाय!" मी इकडून ओरडतो.

चहा पिणारे वळून बघतात. ढाबेवाला जाळाकडे बघतो. मी त्या सगळ्यांकडे तोंड करून शर्टाखाली हात घालतो आणि चकतीची कड चाचपतो. कोरडी असते.